आंधळ्या भावांच्या बहिणी

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन ओळखीचं झालं आणि "काकू, तुम्ही काय करत होतात?" असं त्यानं विचारलं, की माझ्याआधी आमचे हे उत्तर देतात, "ती मेलेल्या बायका शोधत होती." समोरचा हसतो, ताटातला पुढचा घास घेतो आणि विषय गाड्यांवर जातो. आमच्याकडे सगळे विषय शेवटी गाड्यांवरच जातात, कारण निम्मं मंडळ गाड्यांच्या कंपन्यांत आहे. ह्यांनी सारी हयात गाडीच्या सीटच्या आतले सांगाडे डिझाइन करण्यात घालवली, पण त्याला कुणी हसत नाही.

तर मी खरंच मेलेल्या बायका शोधत होते. डेट्रॉइटच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका लहान गावातल्या पब्लिक लायब्ररीच्या तळघरात एक खोली आहे. तिथे गावाचा जुना इतिहास, चर्चच्या नोंदींच्या नकला, मायक्रोफिल्मवरचे जुने कागद मोठे करून दाखवणारी करड्या रंगाची दोन मशिनं आणि एक कधीच नीट न चालणारा हीटर असा संसार आहे. हा संसार मी वीसेक वर्षं सांभाळला. गेल्या वर्षी निवृत्त झाले. मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी "काहीतरी गमतीदार लिहा" म्हणून सांगितलं होतं. थोडी गंमत सुरुवातीला आहे, ती वाचून घ्या. पुढे माझा इलाज नाही.

मी सांगलीची. पुण्यात राहून फ्रेंचमध्ये एम.ए. केलं, तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी विचारलं होतं की हिला कोण विचारणार. लग्नानंतर मिशिगनला आले ती ह्यांच्या व्हिसाचं शेपूट म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. स्वयंपाक, बर्फ आणि टीव्ही यांना कंटाळून मी लायब्ररीत फुकट मदत करायला लागले. पुस्तकं लावता लावता एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं की ही बाई जुन्या पाद्र्यांचं फ्रेंच हस्ताक्षर वाचू शकते. त्या गावात अर्ध्या लोकांची आडनावं फ्रेंच, पण फ्रेंचचा एक शब्द येईल तर शपथ. मग त्यांच्या खापरपणज्या त्यांना सांगलीच्या बाईनं वाचून दाखवायच्या, असं ठरलं. पुढे ग्रीनकार्ड आलं आणि पगारही सुरू झाला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. या भागात इंग्रजांच्या आधी फ्रेंच होते. नदीला लागून लांबच लांब, पट्ट्यांसारखी शेतं त्यांनी आखली. प्रत्येकाला नदी मिळाली पाहिजे, हा हिशोब. हे लोक आले होते वर कॅनडातल्या क्विबेकहून, आणि क्विबेकमध्ये साडेतीनशे वर्षांपूर्वी एक अडचण होती. पुरुष भरपूर, बायका जवळजवळ नाहीत. म्हणून फ्रान्सच्या राजानं जहाजं भरून मुली पाठवल्या. त्यांना 'राजाच्या मुली' म्हणतात. नाव ऐकून कुणाला राजकन्या वाटतील, पण त्यातल्या कितीतरी अनाथालयातल्या, गरीब घरातल्या. एक पेटी, थोडं कापड, सुया-दोरा आणि हुंड्याचं आश्वासन घेऊन त्या समुद्र ओलांडून आल्या आणि उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत कुणाच्या तरी बायका झाल्या. आज इथे ज्याच्या अंगात फ्रेंच रक्ताचा थेंब आहे, त्याला आपली मूळ आजी यांतलीच एखादी असावी असं वाटतं, आणि बहुतेकदा ती असतेही.

एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांना पूर्वज सरदारच हवा होता. मी महिनाभर खपून पूर्वज काढला, तर तो शेजाऱ्याची डुकरं पळवल्याबद्दल शिक्षा झालेला निघाला. डॉक्टर कागद उलटूनपालटून बघत म्हणाले, "त्या नावाचा दुसरा कुणी नव्हता का?" मंडळातल्या एका पोरानं, तो ॲन आर्बरला शिकतो, मला सांगितलं, "काकू, हे सगळं आता एआय करेल. तुम्ही कशाला डोळे फोडताय?" मी त्याला एका नोंदीचा फोटो फोनवर पाठवला आणि म्हटलं, करून दाखव. त्यानं फोन आडवा धरला, उभा धरला, मान वाकडी केली. "यार, हे तर डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन वाटतंय," म्हणाला आणि भजी घ्यायला गेला.

बापाची बाजू शोधणं सोपं असतं. आडनाव पकडलं की वर चढत जायचं. आईची बाजू म्हणजे प्रत्येक पायरीला आडनाव बदलणार. पण फ्रेंच पाद्र्यांची एक पद्धत मला फार आवडायची. त्यांच्या वहीत बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्याच नावानं असते. लग्न होवो, दहा पोरं होवोत, दुसरं लग्न होवो, पुरताना पाद्री लिहिणार, 'अमक्याची मुलगी अमुक, तमक्याची बायको'. त्यामुळे अनाथालयातून आलेली, सही न येणारी पोरसुद्धा आज सापडते. नंतर इंग्रजी वळण आलं, बाई 'मिसेस जॉन अमुक' झाली आणि तिथे माग तुटायला लागला. तेव्हा मी माझी एक युक्ती काढली. बाई हरवली की तिच्या भावाच्या मागे लागायचं. भाऊ जमीन घेतो, भांडतो, मरतो, आणि मेल्यावर वर्तमानपत्रात छापून येतं की त्याच्या मागे बहीण मिसेस अमुक आहे. झालं, बाई सापडली.

हे शिकल्यावर मला हुरूप आला आणि मी स्वतःच्या आईची आई, तिची आई असं चढायला गेले. पणजीपर्यंत पोचले. तिचं सासरचं नाव रमाबाई. माहेरचं काय, कुणाला माहीत नाही. आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, बायका 'ठेवा हो नाव' म्हणून हसतात, आणि जुनं नाव त्या तांदळांबरोबर डब्यात जातं. वंशावळ आहे आमची, छान मोठी, झाडासारखी. त्यात एक बाई नाही. सांगलीच्या मामेभावाला फोन केला तर म्हणाला, "सुनंदा, तुला काय करायचंय आता ते नाव?" त्या दिवशी मला राजाच्या भिकारी मुलींचा हेवा वाटला होता.

आता पॅट. नावं सगळी बदलली आहेत. आमच्या धंद्यात एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा कडक नियम आहे, आणि मी तो पाळला. इथे मोडतेय, कारण मराठीत लिहिलेलं यातलं कुणी वाचणार नाही.

पॅट शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी संपवून, कंपनीचं जॅकेट घालूनच ती तळघरात उतरली. साठीच्या आसपासची, रुंद खांद्यांची. तिथे मला सगळे सू म्हणायचे, आणि इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण पॅट बोलायला लागली की मला ते 'अगं' असंच ऐकू यायचं.

"मला माझी आई, तिची आई, तिची आई, असं वर जायचंय," ती म्हणाली. "बाप कुणाचेच नकोत."

"अशी मागणी पहिल्यांदाच आली," मी हसून म्हटलं. "काही खास कारण?"

"माझ्या मुलाला दिसेनासं झालंय."

मी हसणं आवरलं आणि तिला खुर्ची दिली.

तिचा काइल. पंचविशीच्या आतला, इलेक्ट्रिशियनचं काम शिकणारा. वसंतात एका डोळ्यासमोर धुकं आलं. पानं गळेपर्यंत दुसऱ्या डोळ्यापुढेही आलं. डोळ्यांमागची नस सुकत जाते, असा तो आजार. त्याचं नाव लांबलचक आहे. तो फक्त आईकडून येतो. मुलगे आणि मुली दोघांनाही मिळतो, पण पुढे देतात त्या मुलीच. आणि नजर जाते ती बहुतेक तरण्या मुलग्यांची. सगळ्यांची जाते असंही नाही, कुणाची जाईल ते कुणी सांगू शकत नाही. खात्रीचा इलाज नाही.

"मधलं गेलंय, कडेचं आहे," पॅट म्हणाली. "मी त्याच्यासमोर बसले की तो माझ्या कानाकडे बघतो. तसं बघितलं की मी त्याला थोडी दिसते."

 मी उगाच हीटरचं बटण फिरवलं.

तिची अडचण आंधळेपणाच्याही पुढची होती. तिला एक मोठी बहीण, डायन. डायनची एकुलती एक मुलगी मेगन, तिचं नुकतंच लग्न झालेलं. डॉक्टरांनी पॅटला सांगितलं होतं की तुझ्या बहिणीला कळव, कारण तुम्ही दोघी एकाच आईच्या. मेगनला मुलगा झाला तर निदान सिगरेट-दारूपासून त्याला लांब ठेवता येईल, त्यानं धोका वाढतो म्हणतात. पॅटनं बहिणीला सांगितलं. डायन म्हणाली, आमच्या घराण्यात असलं काही नाही. काइल ओढायचा, प्यायचा, त्याचे हे भोग आहेत. आणि मेगनच्या कानावर यातला एक शब्द गेला तर बघ.

"पण तुमच्या आईकडे आधी कुणाला...?" मी विचारलं.

"रे मामा आंधळा होता. गावठी दारू पिऊन डोळे गेले असं घरात सांगायचे. आम्ही लहानपणापासून तेच ऐकलं."

"मग माझ्याकडे काय काम आहे? हे तर रक्ताच्या तपासणीत दिसतं."

"ती तपासणी माझी आहे, तिची नाही, असं डायन म्हणते. करून घ्यायला तयार नाही." पॅट पुढे वाकली. "सू, तुला डायन माहीत नाही. ती त्या फ्रेंच वंशजांच्या क्लबात आहे. दर उन्हाळ्यात नदीवरच्या जत्रेत जुन्या फ्रेंच बायकांसारखी पांढरी टोपी, एप्रन घालून उभी राहते. हॉलमध्ये घराण्याचं चिन्ह लावलंय. डॉक्टरांचा कागद ती वाचणार नाही. तुझा कागद वाचेल."

असं काम मी त्याआधी कधी घेतलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझ्या शोधावर एका न जन्मलेल्या मुलाचे डोळे अवलंबून आहेत, असं मला तेव्हा वाटलं. आता ते आठवून स्वतःचीच कीव येते, पण वाटलं खरं.

तो हिवाळा मी त्या घराण्याच्या बायकांत घालवला. नेहमीची युक्ती वापरली, भावांच्या मागे लागले. आणि या वेळी भावांनी नुसता पत्ताच दिला नाही. रे मामा दारू प्यायचाच नाही. तो चर्चच्या दारूबंदीवाल्या मंडळींतला होता, त्याच्या मृत्यूच्या बातमीत तसं छापलं होतं. पॅटच्या आजीचा भाऊ जनगणनेत बहिणीच्या घरी राहणारा दाखवलेला, धंदा काही नाही, आणि मृत्यूच्या बातमीत नजर गेल्याचा उल्लेख. जुन्या जनगणनेत आंधळ्यांसाठी वेगळा रकाना असायचा. अजून वरच्या पायरीवर गेले तर त्या रकान्यात एका भावापुढे खूण होती. त्याच्याही वर, फ्रेंच वह्यांत, एका पाद्र्यानं पुरण्याच्या नोंदीत सहज लिहून ठेवलं होतं की मृत माणूस तरुणपणी दृष्टी गेल्यापासून बहिणीच्या आश्रयाला होता. प्रत्येक पिढीत नव्हतं. मध्ये दोन-तीन पिढ्या स्वच्छ जायच्या, आणि मग पुन्हा कुणी बहिणीच्या चुलीपाशी बसलेला.

खरं सांगायचं तर असा एक आंधळा सापडला की मी खुर्चीत टाळी वाजवायची. हे आमच्या धंद्याचं सुख. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या नोंदीत आपल्याला हवी ती ओळ दिसते, तेव्हा जो आनंद होतो तो दुसऱ्या कशानं होत नाही. मग लक्षात यायचं की आपण कशाला टाळी वाजवली, आणि जेवण जायचं नाही. ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "अगं, एवढं कसलं टेन्शन घेतेस? शेवटी लायब्ररीचं काम ना? रिलॅक्स." मी त्यांना, नाव न घेता, एक मुलगा आईच्या कानाकडे बघतो ते सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चहा करून आणला.

उन्हाळ्यात मी मादलेनपर्यंत पोचले. राजाची मुलगी. पॅरिसच्या गरिबांच्या आश्रमातून आलेली, जेमतेम सतरा-अठराची. लग्नाच्या करारावर सहीच्या जागी वेडीवाकडी फुली. बापाचं नाव, पुढे 'कैलासवासी' अशा अर्थाचा शब्द. आईच्या नावाच्या जागी काहीच नाही. एक तर तिला माहीत नव्हतं, नाहीतर लिहिणाऱ्यानं विचारलं नाही. तिच्यावर जायला वाट नव्हती.

मी ती फुली पॅटला मशिनवर मोठी करून दाखवली. ती कितीतरी वेळ बघत बसली.

"मला वाटलं होतं, हिचं नाव कळलं की हिच्यावर रागावता येईल," ती म्हणाली. "रात्रंदिवस मी स्वतःवर रागावतेय. म्हटलं, हा राग कुठे तरी वर पाठवून देऊ. पण ही तर पोर आहे गं. मेगनहून लहान."

"हिलाही कुणाकडून तरी आलंच असणार."

"हो. आणि तिचं नावच नाही." तिनं डोळे पुसले, मशीन स्वतःच बंद केलं आणि मला विचारलं, "तुझी कुठपर्यंत गेलीय?"

मी म्हटलं, पणजीपर्यंत. तिला माझी दया आली की हेवा वाटला, मला सांगता येणार नाही.

तक्ता मी हातानं काढला. माझं अक्षर बरं आहे, आणि क्लबवाल्यांना हातानं लिहिलेलं आवडतं. मध्ये वरून खाली आया, मादलेनपासून पॅट आणि डायनपर्यंत. बाजूला त्यांचे भाऊ. ज्यांची नजर गेली त्यांच्या नावाशी एक पोकळ वर्तुळ. खाली छोट्या अक्षरात प्रत्येक गोष्ट कुठल्या नोंदीतून घेतली ते. दहा-अकरा बायका आणि त्यांच्या कडेला चार पोकळ वर्तुळं. शेजारी काइलचं पाचवं. आंधळ्यालाही कळेल असा तक्ता, असं माझ्या तोंडून निघता निघता राहिलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला पॅट त्याची प्रत घेऊन डायनकडे गेली, मूळ तक्ता तिनं स्वतःकडे ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन. आवाजात आनंद होता.

"सू, ती रडली! मादलेनचं नाव वाचून रडली. मला जवळ घेतलं. भिंतीवर लावणार म्हणाली."

"आणि वर्तुळं?"

"बघितली तिनं. काही बोलली नाही. बघितली मात्र."

मीही त्या आठवड्यात खुशीत होते. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं काहीतरी आणायच्या जेवणाला, खास साबुदाण्याची खिचडी करून नेली.

ख्रिसमसच्या आधी डायन स्वतः तळघरात उतरली. पॅटसारखेच खांदे, पण कोट उंची. फार गोड बोलली. माझे आभार मानले, माझ्या अक्षराचं कौतुक केलं, भारतात हत्तीवर बसायची तिची किती इच्छा आहे ते सांगितलं. मग तक्त्याचा फोटो फोनवर काढून माझ्यापुढे धरला.

"हे बाजूचे पुरुष तेवढे काढून द्याल का? हा मातांचा तक्ता आहे. क्लबमध्ये लावायचाय. उगीच गर्दी वाटते."

"मॅडम, ते पुरुष आहेत म्हणून तर या बायका सापडल्या."

"मला कळतं. पण आता सापडल्या ना?"

"तुमच्या मुलीच्या दृष्टीनं ते महत्त्वाचे आहेत," मी म्हटलं. एवढंसुद्धा बोलायला नको होतं, नियमात बसत नव्हतं.

तिचा चेहरा तसाच हसरा राहिला. "माझी मुलगी मला माहीत आहे," ती म्हणाली. "तिला आधी दोनदा गर्भ राहून गेलाय. आता तिसऱ्यांदा राहिलाय. ती नऊ महिने शांत झोपली पाहिजे, मला बाकी काही नको. तुम्ही आई आहात ना?"

मी नकार दिला. तिनं तक्ता दुसरीकडे छापून घेतला, गुळगुळीत कागदावर, नुसत्या आया. क्लबच्या जेवणात तो मांडला होता. पॅटला बोलावणं नव्हतं. पॅटनं जाऊन जाब विचारला, दोघी बहिणी पार्किंग लॉटमध्ये भांडल्या, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

मला डायनचा संताप आला होता, अजून येतो. पण सगळ्यात वाईट हे की ती मला कळत होती. माझ्या आत्याच्या अंगावर कोड होतं. मोठ्या ताईला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आत्याला सकाळीच मिरजेला मावशीकडे पाठवून द्यायचे. ती स्वतःच पिशवी भरून तयार बसायची. कुणी तिला 'जा' म्हणायचं नाही, ती कधी 'का' म्हणायची नाही. पाहुण्यांना पोहे देताना माझी आई म्हणायची, आमच्या घराण्यात असलं काही नाही. अगदी डायनच्या आवाजात.

पॅट मला म्हणायची, "तू सांग मेगनला. मी सांगितलं तर आईशी भांडून सांगतेय असं वाटेल तिला." मी म्हणायची, मला परवानगी नाही, तू सांग. मग तीच म्हणायची, "पोटात मूल आहे. काही झालं तर डायन म्हणेल मी केलं." असं आमचं दर आठवड्याला चालायचं. तिचा आणि माझा दोघींचा धीर होत नव्हता, आणि दोघींकडे चांगली कारणं होती.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी, एका दुपारी मेगन आली. एका हाताला बाळासकट उचलता येणारी कार सीट अडकवलेली, दुसऱ्या हातात फ्रेम. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण खांद्यांवरून ओळखलं. फ्रेममध्ये तो गुळगुळीत तक्ता होता.

"तुम्हीच सू ना? आईनं मला हा बाळ व्हायच्या आधी, बेबी शॉवरच्या पार्टीत दिला. तुमचं अक्षर छान आहे असं ऐकलंय. खाली याचं नाव लिहून द्याल? बाळाच्या खोलीत लावायचाय."

मी कार सीटमध्ये वाकून बघितलं. टोपडं निळं होतं.

"मुलगा?"

"मुलगा. ओवेन."

तो जागा होता. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे टक लावून बघत होता. मी ते जरा हलवलं तर त्याची नजर बरोबर तिकडे फिरली. मी फ्रेमची मागची बाजू सोडवायला घेतली.  पिना निघेनात. वीस वर्षांचा नियम मोडायचा की नाही ते ठरत नव्हतं.

"मेगन," मी शेवटी म्हटलं, "हे नाव लिहायच्या आधी तू एकदा तुझ्या मावशीला भेटून ये. मूळ तक्ता तिच्याकडे आहे. माझ्या हातचा."

ती जराही चमकली नाही. तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"काइलनं सांगितलं. त्याचा दुसरा डोळा गेला त्याच आठवड्यात. माझ्या लग्नाच्याही आधी. आम्ही लहानपणापासून एकमेकांना सगळं सांगतो." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी वाचलंय सगळं. बाजूची वर्तुळंही बघितली आहेत, काइलनं मला फोटो पाठवला होता."

"मग तुझ्या आईला...?"

"आईला वाटतं मला माहीत नाही. तिला तसंच वाटू दे. मला माहीत आहे हे तिला कळलं तर ती माझ्यासमोर बसूसुद्धा शकणार नाही. आणि आंट पॅटला सांगू नका, ती धावत जाऊन आईला सांगेल." मग म्हणाली, "सगळे मला सांगायला टपलेत. सांगून पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. सिगरेट ओढू नको, हे तर मी त्याला तसंही सांगणार आहे. सगळ्याच आया सांगतात."

"तपासणी—"

"करून काय? त्याच्यात ते आहेच. माझ्यात आहे म्हणजे त्याच्यात आहे. नजर जाईल की नाही ते तपासणी सांगत नाही. वीस वर्षं थांबायचं आणि बघायचं. ते मी करीनच." तिनं फ्रेम माझ्याकडून घेऊन पिना काढून दिल्या. "तुम्ही नाव लिहा."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर आलं असेल ते. ती फ्रेम काखेत घेऊन, कार सीट उचलून जिना चढून गेली, आणि वरून बाळाचा हसल्यासारखा आवाज आला.

म्हणजे त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. एक हिवाळा आणि एक उन्हाळा घालून मी जो पुरावा उभा केला, तो ज्यांच्यासाठी केला त्यांतल्या कुणालाच लागत नव्हता. अभिमान होता मला माझ्या कामाचा. अजून आहे, तक्त्यात एक चूक काढून दाखवा. पण त्या कामानं एका बहिणीची दुसरी बहीण गेली, आणि कुणाचा एक डोळा वाचला नाही. वाचणारही नव्हता, हे मला आधी कळायला हवं होतं असं म्हणण्यातही काही अर्थ नाही.

पॅट अजून भेटते. निवृत्तीनंतर आम्ही महिन्यातून एकदा कॉफी घेतो. काइल आता काठी घेऊन बसनं एकटा जातो, एका केंद्रात काम शिकतोय. पॅटला बाळ झाल्याचं कळलंय, मुलगा आहे हेही. तिला अजून कुणी तो दाखवलेला नाही. कॉफी संपत आली की ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत दर वेळी तोच प्रश्न विचारते.

"सू, मेगनला कुणी सांगितलं असेल का गं? कुणी तरी सांगायला हवं ना?"

मी खिडकीबाहेर बघते आणि म्हणते, मला माहीत नाही.